तेराव्याला न आलेला सोबती

"ताई, तुमच्या गावान लोका काय बोलतान ते जरा थांबवा," प्राप्ती फोनवर म्हणाली होती. "ह्यांच्या कानावर आलंय सगळं. चार दिवस झाले, नीट जेवत नाय. मला भीती वाटते ओ."

दिवाळीचे दिवस होते. मृणालच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात थर्मामीटर आणि मांडीवर तापाने फणफणलेली ऋतिका. तिने प्राप्तीला सांगितलं, "अगं, लोक बोलतात. दोन महिन्यांनी विसरतील. तू नको मनाला लावून घेऊस." फोन ठेवला आणि पुन्हा ताप मोजला.

तशी मृणाल निष्काळजी बाई नाही. गॅसचं बटण दोनदा बघून घराबाहेर पडणारी, एस.टी.त मुलीला कधी खिडकीकडे बसू न देणारी, दुपारी पोर जरा जास्त वेळ झोपली तर छातीवर हात ठेवून श्वास बघणारी. संकट ज्या ज्या वाटेने घरात शिरू शकेल त्या सगळ्या वाटांवर ती डोळा ठेवून असते. नेमकी ही एक वाट तिने मोकळी सोडली. लोक विसरले नाहीत. लोकांनी ते काळ्या ग्रॅनाइटवर कोरून आणलं.

आता मुळापासून सांगायला हवं.

दिघी बंदराकडे जाणारे ट्रक जिथे वळतात, तिथून आत, डोंगराच्या पोटात मृणालचं सासरचं गाव आहे. भातशेती करणारी घरं. घरटी एक-दोन माणसं मुंबईला, आणि एका घरातला एकुलता एक मुलगा फौजेत. तो गणराज, मृणालचा नवरा. नायक गणराज भुवड. दीड वर्षापूर्वी, गौरी-गणपती नुकतेच बोळवून झाले होते, तेव्हा काश्मीरमधल्या एका जंगलात तो गेला. ऋतिका दोन वर्षांची होती. तिला फुगा आणि तिरंगा दोन्ही सारखेच वाटले. पेटीवरचा झेंडा ओढायला ती हात पुढे करत होती.

त्या गावात एक रीत आहे. माणूस घरापासून लांब मेला, मग तो मुंबईत कामावर असो की समुद्रात, तर शेवटच्या घटकेला जो त्याच्याजवळ होता त्याने तेराव्याच्या आत घरी यायचं. आईसमोर पाटावर बसायचं. तो कसा गेला, काय बोलला, पाणी मागितलं का, हे आपल्या तोंडाने सांगायचं. चिठ्ठी चालत नाही, फोन चालत नाही. दुसऱ्याकरवी निरोप तर नाहीच नाही.

गणराजच्या शेवटच्या घटकेला त्याच्याजवळ होता लान्स नायक धनेश घरत, प्राप्तीचा नवरा. थळचा. फौजेत दोघादोघांच्या जोड्या लावतात, तशी ह्या दोघांची जोडी होती. एक दिघीकडचा कुणबी, एक थळचा आगरी, एकाच जिल्ह्याचे. पहिल्या दिवसापासून मासे कुणाकडचे चांगले ह्यावर भांडणारे. गणराजने त्याला ही रीत सांगितली होती. सुट्टीवर आला तेव्हा हसत हसत मृणालला म्हणाला होता, "ठरलंय आमचं. तो गेला तर मी थळला, मी गेलो तर तो इथं." मृणालने तेव्हा त्याच्या दंडावर चापटी मारली होती.

तेराव्याला सासूबाईंनी, काशीबाईंनी, ओटीवर पाट मांडला. सकाळपासून बसून राहिल्या. कर्नल साहेब येऊन गेले होते, पुष्पचक्रं आली होती, आमदारांची माणसं आली होती. पाटावर बसायला कोणी आलं नाही.

येणार कसा? धनेश त्या दिवशी लष्करी इस्पितळात होता. डावा पाय गुडघ्याच्या वर कापला होता आणि ताप उतरत नव्हता. मृणालला हे माहीत होतं. तिने घरात सांगितलंही. पण तेराव्याच्या घरात कोण कुणाचं ऐकतं! गावाला एवढंच दिसलं की पाट रिकामा राहिला.

आणि मग सुरुवात झाली. "येत कसा न्हाय? काय तरी केलं असंल." "आपला पोर पुढं गेला नि तो मागं ऱ्हायला, म्हणून तर जिता हाय." "पळाला असंल." असंल, असंल करत सहा महिन्यांत "असंल" गळून पडलं. पळाला. विहिरीवर पळाला, लग्नात पळाला, मुंबईच्या ग्रुपवर पळाला. ज्या माणसाला एक पाय राहिला नव्हता तो गावात रोज पळत होता.

धनेश नऊ महिन्यांनी घरी आला. नकली पायावर चालायला शिकला. मृणालने त्याला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आता कुठल्या तोंडानं येऊ, वहिनी? तेरावा कधीच झाला."

तेव्हाच तिने उठून काशीबाईंना सगळं सांगायला हवं होतं. तिच्याजवळ सांगण्यासारखं होतं. गणराजला शौर्यचक्र मिळालं, मरणोत्तर. सासू-सून दोघी दिल्लीला गेल्या होत्या. त्या मोठ्या दालनात एक अधिकारी खणखणीत आवाजात इंग्रजीत गणराजने काय केलं ते वाचत होता, आणि त्या वाचण्यात धनेशचं नाव चार वेळा आलं. मृणालने मोजलं होतं. काशीबाई नवी नऊवारी नेसून ताठ बसल्या होत्या, त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, "काय वाचलं गो त्यांनी एवढं?"

मृणाल दमली होती. ऋतिका गाडीत ओकली होती. ती म्हणाली, "तो शूर होता असं वाचलं, आई."

"ते मला ठावं हाय," काशीबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

घरी गेल्यावर नीट सांगू, असं मृणालने ठरवलं. घरी गेल्यावर डीजे होता, गुलाल होता, उघड्या टेम्पोतून मिरवणूक होती. मग पावसाळा आला. मग पोरीचे कान दुखले. मग ते राहिलंच. दुसऱ्यांवर चिडताना मृणालला ही गोष्ट मधेच आठवते, आणि मग तिचा राग कमी होत नाही, दुप्पट होतो.

ह्या शिमग्याला गावाने गणराजचं स्मारक करायचं ठरवलं. पालखी घरोघर फिरायच्या दिवसांत सगळे मुंबईकर गावात असतात, म्हणून मुहूर्त तोच. पुढाकार सदाचा. सदा म्हणजे गणराजचा चुलतभाऊ, गोरेगावला राहतो, मुंबई मंडळाचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही. कुणाला इस्पितळात खाट मिळवून देईल, कुणाच्या पोराला कामाला लावेल. फक्त त्याला माईक आवडतो, आणि माईकला आवडेल असंच तो बोलतो.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी दगड आला. एस.टी. थांब्याजवळ चौथरा बांधला होता, तिथे तो गोणपाटात गुंडाळून उभा केला. मृणाल ऋतिकाला अंगणवाडीतून घेऊन येत होती. तिने गोणपाटाचं टोक उचललं आणि वाचलं. नाव, जन्म, वीरमरण, शौर्यचक्र. आणि खाली सोनेरी अक्षरांत: "सोबत्याने पाठ दाखवली, तिथे गणराज एकटा उभा राहिला."

तिने ते तीनदा वाचलं. मग पोरीचं बोट धरून तशीच सदाच्या दारात गेली. सदा पडवीत खुर्ची टाकून बसला होता, बाजूला बाबाजीअण्णा तंबाखू मळत होते. बाबाजीअण्णा म्हणजे गावातले सगळ्यांत वडील, देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा.

"सदाभावजी, दगडावर काय लिहिलंय ते?"

"वाचलंत?" सदाचा चेहरा उजळला. "आठ दिवस डोकं चालवलं, वहिनी. शेवटच्या ओळीला अंगावर काटा येतो का नाय?"

"येतो. रागाने येतो. मी तुम्हाला शौर्यचक्राच्या सरकारी कागदाचं मराठी करून दिलं होतं. दोन पानं. ती कुठे गेली?"

"हायत ना. फाइलला लावली. पण कसं आहे, वहिनी, त्यात दोघंदोघं येतात सारखे. ह्याने गोळी मारली, त्याने गोळी मारली. लोकांना कळत नाय आपला कोण. दगडावर एकच माणूस मावतो."

"मग एकच लिहा. दुसऱ्याला शिवी कशाला?"

"शिवी कुठं? नाव घातलंय का मी? सोबती म्हणजे कोणपण."

"सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे सोबती कोण. भावजी, त्या माणसाचा पाय गेलाय. पहिल्या फैरीत गेलाय. पाय नसलेला माणूस पाठ दाखवून पळतो कसा, तेवढं मला सांगा."

बाबाजीअण्णांनी तंबाखू तोंडात टाकली. "पोरी, दगड कोरलेला हाय. आता काय रबरानं खोडणार? परवा पालखी तिथं येनार. सणात इघ्न नको."

"खोटं खोडणं हे विघ्न, आणि कोरणं नाही?"

"वहिनी," सदा हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही त्या घरतची एवढी बाजू का घेता, असं पण लोक विचारतात हां. मी नाय विचारत. लोक."

ऋतिका मृणालच्या साडीचा पदर ओढत होती, "आई, चल ना, आई, शू." त्या शूमुळे सदा वाचला, असं ती नंतर म्हणायची. नाहीतर पडवीत जे हाताला लागलं असतं ते तिने उचललं असतं.

त्या दिवशीच सदाने दगडाचा फोटो ग्रुपवर टाकला. "परवा सर्वांनी यायचं हं. आपला वाघ." ग्रुपवरून तो कुणाच्या स्टेटसला गेला, स्टेटसवरून अलिबागला, अलिबागवरून थळला. खाडी ओलांडायला माणसाला बोट लागते, फोटोला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राप्तीचा फोन आला. ह्या वेळी मृणालने हातातलं सगळं खाली ठेवलं.

"ताई, बॅग भरली होती ओ ह्यांनी," प्राप्ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. "आज निघणार होते. मुरूडपर्यंत गाडी, आगरदांड्याहून बोट. परवा स्वतःच म्हणाले, तेरावा नाय तर नाय, आता जातो, आईसमोर बसतो आणि सांगून येतो. शर्टाला इस्त्री पण स्वतः केली. मग कोनी तरी तो फोटो पाठवला."

"मग?"

"खोलीन गेले. कडी घातली. पाय काढून दाराबाहेर ठेवलाय. म्हणाले, हा परत देऊन टाक, मला आता लागत नाय. गोळ्या घेत नाय. मी दाराशीच बसून हाय कालपासून. पानी भरायला पन उठत नाय. तुम्हाला मी दिवाळीतच बोललेले, ताई."

"बोलली होतीस," मृणाल म्हणाली.

तिने प्राप्तीला दोन नंबर दिले. एक धनेशच्या पलटणीतल्या सुभेदारांचा, एक अलिबागच्या डॉक्टरांचा. ते पोचेपर्यंत दारावरून हलू नकोस, म्हणाली. मग तिने स्वतः सुभेदारांना लावला. मग सदाला लावला. सदाने उचलला नाही. मग पोळ्या करायला बसली आणि सगळ्या जाळल्या.

उद्घाटनाच्या दिवशी मंडळाच्या बायकांनी ऋतिकासाठी दादरहून फौजी कपडे आणले होते. हिरवे ठिपकेवाले, डोक्याला टोपी, हातात प्लास्टिकची बंदूक. "हिला सॅल्यूट करायला लावू, काय गोड दिसेल!" त्यांनी पोरीला कपडे चढवायला सुरुवातसुद्धा केली होती. मृणालने एक अक्षर न बोलता टोपी काढली, शर्ट काढला, बंदूक त्यांच्या हातात दिली आणि पोरीला तिचा पिवळा फ्रॉक पुन्हा घातला. "हिचा बाप नाटकात मेला नाही," एवढंच म्हणाली.

ढोल वाजत पालखी चौथऱ्यापाशी आली. मांडवात तालुक्याचे पाहुणे, मागे सगळं गाव. दगडावर भगवा कपडा टाकलेला. पहिल्या रांगेत काशीबाई, त्यांच्या शेजारी मृणाल, मांडीवर ऋतिका. बाबाजीअण्णा नारळ घेऊन पालखीसमोर उभे राहिले आणि ढोल थांबले.

गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगायला हवं. वडील माणूस गावाच्या वतीने देवीशी बोलतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळं गाव एका आवाजात हो म्हणतं. लहान पोरंसुद्धा म्हणतात. अर्थ कळो न कळो, तोंडातून ते निघतंच. पण ते सगळ्यांचं असावं लागतं. एक आवाज जरी फुटला तरी गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि गाऱ्हाणं पुरं झाल्याशिवाय नारळ फोडता येत नाही. असा आवाज त्या गावात कुणाच्या आठवणीत कधी फुटला नव्हता.

"हे आई ग्रामदेवते," बाबाजीअण्णांनी सुरू केलं, "तुजी लेकरं मुंबयसून, सुरतेसून आज तुज्या पायाशी जमली—"

"व्हय म्हाराजा!"

"तुजा गणराज देशाच्या कामी पडला, त्याच्या नावाचा दगड आज हुबा ऱ्हातोय—"

"व्हय म्हाराजा!"

"सोबत्यानं पाठ दाखवली, तरी आमचा वाघ एकटा—"

"न्हाय म्हाराजा."

मृणाल उठून उभी राहिली होती. ऋतिका तिच्या कमरेला बिलगली होती. आवाज फार मोठा नव्हता, पण गावाचा "व्हय" अजून कुणाच्या तोंडातून निघाला नव्हता, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. ढोलवाल्याच्या हातातून टिपरू खाली पडलं.

बाबाजीअण्णांनी मान वळवली. "काय म्हणालीस?"

"न्हाय म्हणाले, अण्णा. सोबत्याने पाठ दाखवली नाही. देवीसमोर खोटं बोलायला मी गावाबरोबर नाही."

"वहिनींची तब्येत बरी नाय," सदा माईक झाकून पुढे झाला. "जरा बाजूला घ्या त्यांना. पाणी द्या. ओ, माईक बंद करा रे!"

"माझ्यासमोर माईक कुठे आहे, भावजी? मी आईंशी बोलतेय." आणि ती खरंच काशीबाईंसमोर खाली मातीत बसली. पाहुण्यांकडे, पालखीकडे, कुणाकडेच तिने बघितलं नाही. "आई, दिल्लीत त्यांनी काय वाचलं ते तुम्ही विचारलं होतं. मी तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते. ऐका."

आणि तिने सांगितलं. कागदावरच्या भाषेत नाही, काशीबाईंच्या भाषेत. एक ओहोळ होता. त्याच्या पलीकडे झाडीत चार माणसं बंदुका घेऊन लपली होती. तुमचा पोर आणि धनेश सगळ्यांच्या पुढे चालत होते. पहिली फैर झाली ती धनेशच्या पायात गेली. तो ओहोळात पडला. तुमचा पोर माघारी आला, गोळ्या चालू असताना त्याला खांद्याला धरून ओढत दगडामागे नेला. पायाला पट्टा बांधला. मागून येणारे अजून लांब होते, आणि पलीकडचे त्यांच्यावर नेम धरून होते. कुणीतरी पुढे जाऊन ते थांबवायला हवं होतं. पुढे जायचं तर मागून कुणीतरी सारख्या गोळ्या मारत राहायला हव्या, म्हणजे पलीकडच्यांना डोकं वर काढता येत नाही.

"मग?" काशीबाई म्हणाल्या.

"धनेश मारत राहिला. पाय तुटलेला, रक्त जातंय, आणि तो दगडाला टेकून गोळ्या मारत राहिला. म्हणून तुमचा पोर ओहोळ ओलांडू शकला. दोघांना त्याने जवळ जाऊन मारलं. तिसऱ्याची गोळी त्याच्या मानेला लागली. तरी त्याने हातगोळा टाकला. मागचे अकरा जण वाचले, आई. कागदावर लिहिलंय, धनेशने शेवटपर्यंत गोळीबार थांबवला नाही. लोक पोचले तेव्हा त्याची बंदूक रिकामी होती आणि तो बेशुद्ध होता."

"पाय तुटलेला असताना?" काशीबाईंनी विचारलं.

"पाय तुटलेला असताना."

"आनी तेराव्याला..."

"तेराव्याला इस्पितळात होता. पाय कापला होता. आणि आपण इथे बसून तो पळाला म्हणत होतो. दीड वर्ष म्हणतोय. परवा त्याने तो फोटो बघितला, आई. तो काल इथे यायला निघणार होता, तुमच्यासमोर बसायला. आता खोलीला कडी लावून बसलाय. त्याची बायको दारातून हलत नाहीये, कारण तिला भीती वाटते की आतला माणूस जगतो की नाही. गणराजने ज्याला ओहोळातून ओढून काढला त्याला आपण परत ढकलतोय!"

शेवटचं वाक्य ती ओरडली. ऋतिका रडायला लागली.

काशीबाई सुनेकडे बघत म्हणाल्या, "मला हे कोनी सांगितलं कसं न्हाय?" आणि थोडं थांबून, "तू पन न्हाय."

"मी पण नाही," मृणाल म्हणाली.

काशीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, बाबाजीअण्णांच्या समोर गेल्या. "तो नारळ खाली ठेव, बाबाजी."

"अगो पन काशी, एवढे पाहुणे..."

"पाहुण्यांना जेवू घाल. जेवन शिजलंय ना? दगडावरचा कपडा काढायचा न्हाय. माज्या पोराच्या नावाखाली दुसऱ्या आयच्या पोराला शिव्या? माजा पोर असला दगड घेईल?" त्या सदाकडे वळल्या. "आठ दिस डोकं चालवलंस व्हय रे? एक दिस थळला जाऊन आला असतास."

सदा चिडला होता की ओशाळला होता, सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. त्या दिवशी जेवणाच्या पंक्ती झाल्या, पालखी पुढच्या घरी गेली, आणि गावात दोन तट पडले. मृणालने सण नासवला म्हणणारे जास्तच आहेत, त्यांची संख्या कमी झालेली नाही. विहिरीवर बायका तिला जागा देत नाहीत. मंडळाची मीटिंग अजून व्हायची आहे. दगड अजून झाकलेला आहे आणि त्यावरची ओळ अजून तशीच आहे.

तिसऱ्या दिवशी सासू-सून पोरीला घेऊन निघाल्या. दिघीहून बोट, आगरदांड्याहून एस.टी., मुरूड, रेवदंडा, अलिबाग, तिथून रिक्षा. काशीबाई वाटेत एकदाच बोलल्या: "रीत त्याची होती. पन तो येत न्हाय तर मी जाते. कुठं लिवलंय, आयनं जायचं न्हाय म्हनून?"

प्राप्ती दारातच होती. डोळे खोल गेलेले, केसांना चार-पाच दिवस फणी नाही. सुभेदार येऊन गेले होते, डॉक्टरही येऊन गेले होते. धनेशने खिडकीतून गोळ्या घेतल्या होत्या, जेवण अर्धं घेतलं होतं. दार उघडलं नव्हतं. कारखान्याचा भोंगा वाजला तशी प्राप्ती दचकली.

काशीबाई बंद दारासमोर जमिनीवर बसल्या. पाट आणू का विचारलं तर नको म्हणाल्या.

"धनेश," त्यांनी हाक मारली. "मी गणराजची आय. तुला येता येत न्हाय म्हनून मी आले. आता सांग."

आतून काही नाही. ऋतिका अंगणातल्या कोंबडीमागे धावत होती. मृणाल एक डोळा पोरीवर आणि एक दारावर ठेवून उभी होती. अर्धा तास गेला असेल. मग आत काठी टेकल्याचा आवाज झाला. एकदा, दोनदा. दारापर्यंत आला आणि थांबला.

"त्यानं पानी मागितलं नाय, आई," आतून आवाज आला. घोगरा, कितीतरी दिवसांत न वापरलेला. "मीच त्याला म्हणालो, तू जा, मी मारतो. मी म्हणालो जा."

काशीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पण बोलल्या तेव्हा आवाज कोरडाच होता. "तू म्हनालास म्हनून गेला न्हाय तो. लहानपनापासून त्यानं कोनाचं ऐकलंय? शाळेत जा म्हटलं तर ओढ्यावर जायचा. तो आपल्या मनानं गेला. तुज्यावर घेऊ नको."

आतून हुंदका आला. एकच, मोठा. दार उघडलं नाही. त्या तिघी चार वाजेपर्यंत बसल्या. मग शेवटची बोट चुकू नये म्हणून निघावं लागलं. प्राप्ती सोडायला आली नाही. ती दाराशीच राहिली.

त्यानंतर मृणाल दर रविवारी फोन करते. प्राप्ती कधी "बरे हायत" म्हणते, कधी नुसतीच "ऊं" म्हणते. मागच्या आठवड्यात दार दोन दिवस उघडं होतं. ह्या आठवड्यात पुन्हा बंद आहे. मृणालला सारखं जाता येत नाही. पोर लहान आहे, सासू म्हातारी आहे, जाण्या-येण्यात अख्खा दिवस जातो. आणि गावातला एकही माणूस अजून थळला गेलेला नाही. एकही नाही. ह्याचा राग तिच्या पोटात रोज सकाळी नव्याने पेटतो.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही थळच्या बाजूला राहत असाल, अलिबागला कामाला येत असाल, मांडव्याला उतरून गाडीने पुढे जात असाल, तर वाट जरा वाकडी करा. धनेश घरत म्हणून विचारा, कोणीही घर दाखवेल. प्राप्तीला आधी सांगा, मग दार वाजवा. शूर आहात, देशासाठी केलंत, असलं काही बोलू नका, ते त्याने खूप ऐकलंय. मासे कुणाकडचे चांगले, दिघीचे की थळचे, एवढं विचारा. उत्तर आलं नाही तरी लगेच निघू नका. दारापाशी थोडं बसा आणि आत काठीचा आवाज होतो का ते ऐका. झाला तर परत एकदा या. नाही झाला, तर तिथून हलू नका, प्राप्तीला हाक मारा, चार माणसं गोळा करा, डॉक्टरांना बोलवा. आणि मृणालला कळवा. तिचा नंबर प्राप्तीकडे आहे. ती उचलेल, हातात काहीही असलं तरी.